आमदार गावात येतात तेव्हा

रब्बीची मळणी उरकते, चैत्रातल्या जत्रा संपतात आणि लग्नसराईची वाजंत्री सुरू होते. याच सुमारास एखाद्या संध्याकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई घरोघर सांगत फिरतो, "उद्या नऊ वाजता देवळापुढं जमायचं हाय, आमदारसाहेब येणार हायेत." नऊचे अकरा होतात. मग दोन-तीन मोटारी धुरळा उडवीत वेशीतून आत येतात. हलगी वाजते, नारळ फुटतो, शाल-श्रीफळ होते. कोणी भाषण करतो, कोणी कागद देतो, कोणी कानाशी लागून काही सांगतो. चहा होतो. तासाभरात मोटारी पुढच्या गावाला निघून जातात. धुरळा खाली बसतो आणि पारावर कोणीतरी म्हणतो, "आलं आन् गेलं. आपलं काय झालं?"

मंडळी, आज मला तुमच्याशी या एका तासाविषयी बोलायचे आहे. हा तास पुष्कळदा वाया का जातो, आणि तो गावाच्या कामी कसा आणता येईल, एवढाच माझा विषय. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो खरा. परंतु जे सांगणार आहे त्यातले निम्मे मी पुस्तकात शिकलो आणि निम्मे माझ्या गावच्या देवळापुढे.

प्रथम हे पाहू, की आमदार उन्हाळ्यातच का येतात. आपल्या राज्याच्या विधानमंडळाची वर्षाकाठी सामान्यतः तीन अधिवेशने भरतात. पहिले अर्थसंकल्पाचे, मुंबईला. सरकारचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्याआधी पुढच्या वर्षाच्या खर्चाची काही ना काही मंजुरी घ्यावीच लागते, म्हणून हे अधिवेशन बहुधा मार्चच्या आसपास असते. दुसरे पावसाळी, तेही मुंबईला, जूनअखेर किंवा जुलैच्या सुमारास. तिसरे हिवाळी, ते नागपूरला. १९५३ च्या नागपूर करारात नागपूरला अधिवेशन भरविण्याचे ठरले होते, त्याची ही परंपरा. दोन अधिवेशनांच्या मध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड पडू नये, असे आपल्या संविधानाच्या १७४ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. तेव्हा अर्थसंकल्प उरकल्यापासून पावसाळी अधिवेशनापर्यंतचे जे दोन-अडीच महिने मिळतात, ती आमदारांची उन्हाळी सुटी. पण ती सुटी शाळेच्या सुटीसारखी नव्हे. सभागृह बंद असते, काम बंद नसते. मतदारसंघ पाहण्याचे, लोकांचे ऐकण्याचे हेच दिवस.

आता थोडा हिशेब करू. विधानसभेत २८८ सदस्य निवडून जातात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या घरात होती. भागाकार केला तर एका आमदाराच्या वाट्याला सरासरी ३ लाख ९० हजार माणसे येतात. ग्रामीण मतदारसंघ असेल तर शंभराच्या वर गावे आणि शिवाय वाड्या-वस्त्या. दोन-अडीच महिन्यांत लग्ने, दहावे-तेरावे, समित्यांच्या बैठका, मंत्रालयाच्या फेऱ्या सांभाळून हे सारे पाहायचे म्हटले, तर एका गावाला तासाभरापेक्षा अधिक वेळ मिळणे कठीण. म्हणजे तास एकच. हा तास हार-तुऱ्यांत घालवायचा की कामात, हे आमदारांइतकेच आपल्याही हातात आहे.

माझ्या गावाचीच गोष्ट सांगतो. गाव पावसाच्या आडोशाला पडलेल्या दुष्काळी पट्ट्यातले. २०१५ च्या मे महिन्यात मी सुटीला गावी गेलो होतो. आमदार आले. सरपंचांनी मागण्यांचा कागद वाचला. त्यात सत्तावीस मागण्या होत्या! पाणी, रस्ता, स्मशानभूमीचे शेड, सभामंडप, तालीम, बसथांबा, एकाच्या मुलाला नोकरी, दुसऱ्याच्या भावाची बदली, विजेचा खांब हलवणे, पुन्हा पाणी. आमदारांनी कागद घेतला, मागे उभ्या असलेल्या मदतनिसाच्या हाती दिला आणि म्हणाले, "करू, सगळं करू." टाळ्या झाल्या. त्या सत्तावीसपैकी एकही गोष्ट पुढच्या वर्षापर्यंत झाली नाही.

लोक चिडले, आणि त्यांचे चिडणे मला समजते. पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा वाटले, की त्या कागदात आमचाही दोष होता. सत्तावीस गोष्टी एकदम मागणे म्हणजे एकही धड न मागणे. आणि दुसरे असे, की त्यातल्या निम्म्या गोष्टी आमदारांच्या कामाच्या नव्हत्याच. दवाखान्यात जाऊन "काहीतरी द्या" म्हटले, तर डॉक्टरही काहीतरीच देणार.

मग कोणाचे काम कोणते? हे एकदा नीट ध्यानात घेतले पाहिजे. गावातले दिवे, गटारे, अंतर्गत रस्ते, नळाच्या पाण्याची रोजची व्यवस्था ही ग्रामपंचायतीची कामे. त्यांचा जाब सरपंचांना आणि सदस्यांना ग्रामसभेत विचारायचा. त्यासाठी आमदारांची वाट पाहायची गरज नाही. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावाला गाव जोडणारे रस्ते ही बव्हंशी जिल्हा परिषदेकडची कामे. आपल्या राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ पासून कामाला लागल्या आहेत. सातबारा, फेरफार, रेशनकार्ड यांसाठी तलाठी आणि तहसीलदार. रेल्वे, पोस्ट, राष्ट्रीय महामार्ग हे विषय दिल्लीचे, तेव्हा ते खासदारांकडे.

मग आमदारांकडे काय उरले? तर सगळ्यांत मोठी गोष्ट उरली. कायदे करणे, राज्याच्या खर्चाला मंजुरी देणे, आणि सरकारला प्रश्न विचारणे. ही तिसरी गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत. स्थानिक विकासाचा निधी आमदारांच्या शिफारशीने खर्च होतो, हे आपल्याला तोंडपाठ असते. त्यातून सभामंडप होतात, पेव्हर ब्लॉक बसतात, आणि त्यावर नावाची पाटीही लागते. पण सभागृहात उभे राहून मंत्र्यांना "हे खरे आहे काय?" असे विचारण्याचा जो अधिकार आपण मत देऊन त्यांच्या हाती दिला आहे, तो कोणत्याही निधीपेक्षा मोठा आहे. मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, असे संविधान सांगते. जबाबदार याचा सरळ अर्थ, जबाब देण्यास बांधलेले.

आता पुन्हा गावाकडे येऊ. २०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. आमच्या गावालाही टँकर मंजूर होता. टँकर कसा मंजूर होतो ते तुम्ही जाणताच: ग्रामपंचायतीचा ठराव, मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची पाहणी, मग वरची मंजुरी. कागदावर सारे ठीक होते. पण मंजूर खेपा येत नव्हत्या. कधी दिवसाआड, कधी रात्री अकराला, कधी नाहीच. टँकर आला की सारे गाव हंडे घेऊन धावायचे. तक्रार केली की उत्तर यायचे, "टँकर तर रोज येतो, वही बघा." वही अर्थात टँकरवाल्याकडची.

माझी एक चुलती आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण टँकर ज्या विहिरीत पाणी सोडायचा, त्या विहिरीशेजारीच तिचे घर. ती काय करायची? टँकर आला, की कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढायची. नाही आला, तर त्या दिवशी फुली. गावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या ते नजरेस पडले. गुरुजी म्हणाले, "वैनी, तुमच्या भिंतीवर सरकारला न सापडणारी वही आहे." तेव्हापासून ते रोज संध्याकाळी त्या रेघा तारीखवार वहीत उतरवू लागले. महिनाअखेर बेरीज केली, तर मंजूर खेपा आणि आलेल्या खेपा यांत जवळजवळ निम्म्याचा फरक.

एवढ्यावर गुरुजी थांबले नाहीत. ते शाळेत गेले. सहावी-सातवीच्या वर्गाच्या बाईंना म्हणाले, "एप्रिलची हजेरी जरा दाखवा." शाळा सकाळची होती. हजेरीपटात मुलांची गैरहजेरी नेहमीसारखीच होती. मुलींची मात्र भलतीच वाढलेली. आणि नवल असे, की भिंतीवर ज्या दिवशी फुली, त्याच्या दुसऱ्या दिवशी हजेरीपटात मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग. टँकर आला नाही, की आया मुलींना पहाटे दीड कोस लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर पाठवीत. शाळा सुटेपर्यंत त्या परत यायच्या नाहीत. त्यांतली एक मुलगी वर्गात पहिली यायची. त्या वर्षी परीक्षेच्या दोन पेपरांना ती नव्हती. बाई म्हणाल्या, "मला वाटलं, आजारी असेल."

मंडळी, ही गोष्ट आम्हां सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. पण ती कोणाच्या सत्तावीस मागण्यांत नव्हती. "पाणी द्या" एवढेच आम्ही म्हणत होतो. पाणी नसल्यामुळे नक्की काय बुडते आहे, कोणाचे, किती, कोणत्या दिवशी, हे कोणी लिहिले नव्हते.

त्या मे महिन्यात आमदार आले तेव्हा गुरुजींनी एकच पान त्यांच्या हाती दिले. सत्तावीसऐवजी एक विषय. वर गावाचे नाव, खाली तारखा, मंजूर खेपा, आलेल्या खेपा, मुलींची गैरहजेरी, आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या ठरावाचा क्रमांक. गुरुजी म्हणाले, "साहेब, आम्हाला शिफारसपत्र नको. हा प्रश्न तेवढा सभागृहात विचारा." आमदारांनी ते पान उभ्या उभ्या दोनदा वाचले. मग म्हणाले, "गुरुजी, असा कागद मला पहिल्यांदाच कोणी दिला." आणि या वेळी तो मदतनिसाकडे न देता त्यांनी घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

आता हा प्रश्न सभागृहात कसा जातो, ते सांगतो. शिक्षक बंधू-भगिनींनी हा भाग मुलांना नागरिकशास्त्राच्या तासाला जरूर सांगावा, कारण पुस्तकात तो दोन ओळींत उरकलेला असतो. सदस्याला मंत्र्यांना लेखी प्रश्न देता येतो. ज्या प्रश्नाला तोंडी उत्तर हवे त्यावर फुलीसारखी चांदणी असते, म्हणून तो तारांकित प्रश्न. त्यावर उभे राहून उपप्रश्नही विचारता येतात. ज्याला केवळ लेखी उत्तर हवे तो अतारांकित. तारांकित प्रश्नांसाठी रोजच्या कामकाजात प्रश्नोत्तराचा तास ठेवलेला असतो. वेळेअभावी जे प्रश्न पुकारले जात नाहीत, त्यांचीही छापील उत्तरे सभागृहासमोर येतातच. मात्र हे प्रश्न अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. म्हणजे पावसाळी अधिवेशनातल्या प्रश्नांची तयारी उन्हाळ्यातच झाली पाहिजे. गावात हार घालून घेण्याच्या दिवसांतच ही मुदत चाललेली असते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

या प्रश्नांची भाषाही ठरून गेलेली आहे. समजा, आपल्या गावाचा टँकरचा प्रश्न आहे. तो साधारण असा होईल: "मौजे अमुक, तालुका अमुक या गावास १ एप्रिल ते ३० एप्रिल या कालावधीत दररोज दोन याप्रमाणे टँकरच्या ६० खेपा मंजूर असताना प्रत्यक्षात ३८ खेपाच झाल्या, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

पाहा, यात कोठेही रडगाणे नाही, शिवी नाही, "अन्याय झाला हो" असा टाहो नाही. नियमच तसा आहे. प्रश्नात वाद घालायचा नसतो, विशेषणे लावायची नसतात, आणि दिलेल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी विचारणाऱ्या सदस्यावर असते. म्हणून आपण आमदारांना जी माहिती देऊ ती तावून-सुलाखून घेतलेली हवी. एक आकडा फुगवून सांगितला, की मंत्री एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होतात: "हे खरे नाही." मग पुढच्या साऱ्या पोटप्रश्नांपुढे छापून येते, "प्रश्न उद्भवत नाही." खोट्या एका आकड्यापायी खरे दुःख बुडते.

आणि प्रश्न दाखल झाला म्हणजे काय घडते? इथेच खरी गंमत आहे. तो विधानभवनातून मंत्रालयात संबंधित खात्याकडे जातो. खात्याला उत्तर कोठून माहीत असणार? ते जिल्ह्याला विचारते. जिल्हा तालुक्याला विचारतो. एरवी गावचा अर्ज तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबईला चढत चढत थकून जातो. इथे उलटे होते: मुंबईचा कागद उतारावरून पाण्यासारखा खाली येतो, आणि तारीख घेऊन येतो. ज्या कचेरीत तुम्हाला "साहेब बाहेर गेलेत" असे ऐकावे लागत होते, त्याच कचेरीतल्या साहेबांना आता सहीनिशी लिहून द्यावे लागते, की तुमच्या गावाला टँकर किती वेळा गेला.

आमच्या गावी नेमके हेच झाले. अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच जूनमध्ये तालुक्याहून दोन अधिकारी आले. टँकरची वही त्यांच्याजवळ होती. गुरुजींनी आपली वही पुढे ठेवली, आणि मग सर्वांना चुलतीच्या भिंतीपाशी नेले. अधिकाऱ्यांनी रेघा मोजल्या. चुलती उंबऱ्यात बसून होती. ती म्हणाली, "मोजा बाबा नीट. मी काय शिकल्याली न्हाई, पर रेघ चुकीची वडली न्हाई." जुलैत अधिवेशनात उत्तर छापून आले. त्याचे पहिले वाक्य होते, "हे अंशतः खरे आहे."

"अंशतः" हा शब्द वाचून काही तरुण मंडळी रागावली. गुरुजी मात्र हसले. ते म्हणाले, "पोरांनो, सरकारच्या तोंडून अर्धं खरं निघालं, हेही थोडं नाही." आमच्याकडे पाऊस उशिरा येतो, जुलैतही टँकर चालूच होते, आणि आता ते वेळेवर येऊ लागले. न झालेल्या खेपांचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापले गेले. कायमची नळयोजना व्हायला मात्र पुढे तीन वर्षे लागली, आणि तिच्यासाठी आणखी दोन प्रश्न आणि चार ग्रामसभा कराव्या लागल्या. तेव्हा एका कागदाने नंदनवन झाले, असे मी म्हणणार नाही. ज्या मुलीचे दोन पेपर बुडाले, तिचे ते वर्ष काही कोणी परत आणून दिले नाही. पण पुढच्या एप्रिलात बाईंच्या हजेरीपटात मुलींच्या नावांपुढच्या खुणा कमी झाल्या. माझ्या मते त्या अधिवेशनाचे खरे उत्तर तेच.

प्रश्नाशिवाय आणखीही वाटा आहेत. प्रकरण तातडीचे असेल तर आमदार लक्षवेधी सूचना देऊ शकतात. त्यावर मंत्र्यांना सभागृहात निवेदन करावे लागते. मंत्र्यांनी सभागृहात एखादे आश्वासन दिले, तर ते हवेत विरत नाही. विधानमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. जिल्हा परिषदेच्या कारभाराकडे पाहणारी पंचायत राज समिती आहे. विनंती अर्ज समितीही आहे. तिच्यापुढे लोकांचे अर्ज सदस्यामार्फत जाऊ शकतात. आणि पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, म्हणजे मार्चमध्ये ज्या खर्चाची तरतूद झाली नव्हती त्यासाठी सरकार पुन्हा पैसे मागते. उन्हाळ्यात गावाने जी अडचण सोसली, ती आकड्यांनिशी सांगण्याची ही चांगली वेळ.

कोणी विचारील, "आमचे आमदार मंत्री आहेत, ते स्वतःलाच प्रश्न कसा विचारणार?" शंका बरोबर आहे. मंत्री प्रश्न विचारीत नाहीत, उत्तरे देतात. अशा वेळी त्यांच्याकडे प्रत्यक्ष काम मागावे. आणि प्रश्नच विचारायचा असेल तर शेजारच्या मतदारसंघाचे आमदार आहेत, विधानपरिषदेचे सदस्य आहेत. सदस्याला राज्यातल्या कोणत्याही गावाविषयी विचारता येते, आणि तो कोणत्या पक्षाचा आहे याने त्यात फरक पडत नाही. विधानपरिषदेत ७८ सदस्य असतात. त्यांतले २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, ७ पदवीधरांतून आणि ७ शिक्षकांतून निवडून जातात. माध्यमिक शाळांतल्या आणि त्यावरच्या शिक्षकांना तर या मतदारसंघामुळे सभागृहात आपला स्वतंत्र आवाज आहे. तो केवळ वेतनश्रेणीसाठीच वापरावा असे थोडेच आहे? हजेरीपटातल्या फुल्यांसाठीही वापरता येईल.

आणि गावच्या गरजेतून किती मोठे काम उभे राहू शकते, याचा एक दाखला आपल्या राज्याच्या इतिहासातच आहे. वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात विधानपरिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याशी त्यांचा जवळचा संबंध. कोरडवाहू गावातल्या मजुराला वर्षातले कित्येक महिने हाताला काम नसते, ही गोष्ट त्यांनी धरून ठेवली. मागेल त्याला काम देता येईल का, याचा प्रयोग १९६५ साली त्याच तालुक्यात विसापूर भागात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर कामी आली. १९७७ साली विधानमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली संसदेने सबंध देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. एका तालुक्यातल्या मजुरांच्या रिकाम्या हातांची गोष्ट दिल्लीच्या कायद्यापर्यंत पोहोचली. ती पोहोचली, कारण कोणीतरी ती नीट ऐकली आणि कोणीतरी ती नीट मांडली.

तेव्हा या उन्हाळ्यात आमदार तुमच्या गावी यायचे असतील, तर चार गोष्टी आधी करून ठेवा. पहिली, ते येण्यापूर्वी ग्रामसभा घ्या. १ मेच्या सुमारास पुष्कळ गावांत ती होतेच. तिच्यात भांडायचे तेवढे भांडून घ्या, पण शेवटी एकच विषय ठरवा. फार तर दोन. दुसरी, त्या विषयाचा कागद एका पानाचा करा. कोठे, केव्हापासून, किती, कोणाचे नुकसान, आधी कोणाकडे कोणत्या तारखेला अर्ज केला आणि काय उत्तर आले, एवढे त्यात हवे. सरकारी कागद मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने तो मागा. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, म्हणून मार्चमध्येच अर्ज टाका. तिसरी, बायकांना पुढे बसवा. पाण्याचे, रेशनचे, दवाखान्याचे खरे त्यांना ठाऊक असते, आणि आपण त्यांना मागे भिंतीशी उभे करतो. आमदार ताई असोत की दादा, त्यांना बोलू द्या ते हंडा उचलणाऱ्या बाईशी. चौथी, कागदाची एक प्रत ठेवा, तिच्यावर पोच घ्या, आणि ती शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात एका वहीला चिकटवून ठेवा.

या वहीचे महत्त्व मोठे आहे. अधिवेशन झाल्यावर उत्तर आले का, काय आले, हे तिच्यात लिहायचे. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. शाळेतल्या मोठ्या मुलांना त्या शोधून काढायला सांगा, त्यांना त्यात मौज वाटेल. आणि पुढच्या उन्हाळ्यात आमदार आले, की नारळ फोडण्याआधी ती वही उघडायची. "साहेब, मागल्या वर्षी हा कागद दिला होता. त्याचं काय झालं ते आधी सांगा, मग नवीन बोलू." हे नम्रपणे बोलायचे. पाहुण्याचा मान राखायचा. पण मान राखणे वेगळे आणि मान तुकवणे वेगळे.

आणि एक लक्षात असू द्या. मुलाची नोकरी, भावाची बदली, भांडणात पोलिसांना फोन, या गोष्टी आपण त्या तासात मागतो, तेव्हा आपणच आमदारांना आमदारपणापासून दूर नेतो. दिवसभर शिफारसपत्रांवर सह्या करणाऱ्या माणसाने प्रश्न कधी लिहायचा? चांगल्या आमदारालाही चांगले गाव लागते. ज्याला काम करायचे आहे त्याला आपला कागद म्हणजे हत्यार होईल. ज्याला करायचे नाही त्याला तोच कागद पुढच्या वर्षी अडचणीत आणील. दोन्ही परींनी गावाचा तोटा नाही.

त्या चुलतीचे घर आता पक्के झाले आहे. भिंतीला गिलावा करताना माझ्या भावाने त्या रेघा पुसायला घेतल्या, तेव्हा तिने त्याला थांबवले. "तेवढा कोपरा ऱ्हाऊ दे," म्हणाली. त्या कोपऱ्यावर अजून कोळशाच्या रेघा आहेत. आमच्या गावात आता नळ आला आहे. पण उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड सुटतो, हे लिहिण्याची सवय मात्र बऱ्याच घरांना लागली आहे. कोणी दिनदर्शिकेवर लिहितो, कोणी मोबाइलमध्ये. तुमच्या गावात अशी भिंत कोणाच्या घरी आहे, हे यंदा आमदार येण्यापूर्वी जरा शोधून पाहा.